तिसरा नेपोलियन आणि मूत्राशयातील खडा: लांबणीवर पडलेल्या उपचाराची गोष्ट

लघवीचा त्रास असलेले पुरुष रुग्ण ती तक्रार सहसा सुरुवातीला सांगत नाहीत. आधी गुडघे, मग गॅसेस, मग बीपीच्या गोळ्या. जायला उठल्यावर, दाराशी पोहोचता पोहोचता, लघवीला जरा जळजळ होते असे हळूच सांगतात. किती दिवसांपासून असे विचारले, तर उत्तर बहुधा महिन्यांत येते, कधी वर्षांत.

ही सवय फक्त सामान्य माणसांची नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातील एका सम्राटानेही हेच केले होते. त्याच्या दिमतीला त्या काळचे सर्वोत्तम डॉक्टर होते. निदानाचा अंदाज वेळेत आला होता आणि पोट न कापता खडा काढण्याची पद्धतही उपलब्ध होती. तरीही उपचार झाला तो जवळजवळ साडेसात वर्षांनी, आणि तोपर्यंत त्याची मूत्रपिंडे निकामी होत आली होती. हा सम्राट म्हणजे फ्रान्सचा तिसरा नेपोलियन. मूत्राशयातील खडा वेळेत का काढायचा आणि काढण्याआधी डॉक्टर इतक्या तपासण्या का करतात, हे त्याच्या आजारपणावरून चांगले समजते.

निर्वासित राजपुत्र ते सम्राट

शार्ल-लुई नेपोलियन बोनापार्ट याचा जन्म २० एप्रिल १८०८ रोजी पॅरिसमध्ये झाला. जगप्रसिद्ध नेपोलियन बोनापार्ट हा त्याचा काका. वडील लुई बोनापार्ट त्या वेळी हॉलंडचे राजे होते. १८१५ मध्ये काकाचा पाडाव झाला आणि सगळ्या कुटुंबाला फ्रान्स सोडावे लागले. त्यामुळे या मुलाचे बालपण आणि तारुण्य स्वित्झर्लंड, जर्मनी, इटली आणि इंग्लंड असे फिरतीत गेले.

काकाची गादी आपण परत मिळवायची, हे त्याच्या मनात पक्के होते. १८३६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे आणि १८४० मध्ये बुलोन येथे त्याने बंडाचा प्रयत्न केला. दोन्ही फसले. दुसऱ्या प्रयत्नानंतर त्याला जन्मठेप झाली आणि हाम येथील किल्ल्यात ठेवण्यात आले. मे १८४६ मध्ये तो मजुराचा वेष करून तिथून निसटला आणि लंडनला पोहोचला. १८४८ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली, ती त्याने मोठ्या मताधिक्याने जिंकली. २ डिसेंबर १८५१ रोजी त्याने सत्ता पूर्णपणे आपल्या हाती घेतली आणि बरोबर एक वर्षाने तो सम्राट झाला. १८५३ मध्ये युजेनी या स्पॅनिश सरदारकन्येशी त्याचा विवाह झाला. १८५६ मध्ये त्यांना मुलगा झाला.

आज आपण जे रुंद रस्त्यांचे पॅरिस पाहतो, ते बरेचसे त्याच्या काळात बांधले गेले. रेल्वे वाढली, बँका वाढल्या. इटली आणि क्रायमियाच्या युद्धांत फ्रान्सला यश मिळाले. पन्नाशी ओलांडली तेव्हा तो युरोपातील सर्वांत प्रभावी राज्यकर्त्यांपैकी एक होता.

आजाराची सुरुवात

याच सुमारास त्याची तब्येत ढासळू लागली. त्याला संधिवाताचा त्रास होता, मूळव्याध होती आणि धूम्रपान भरपूर होते. त्यात लघवीच्या तक्रारी सुरू झाल्या: वारंवार लघवीला जावे लागणे, जळजळ, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त. १८६१ पासून तो विशी या गावी जाऊ लागला. तिथल्या झऱ्यांचे क्षारयुक्त पाणी पोटाच्या आणि लघवीच्या विकारांवर गुणकारी मानले जाई.

इथे थोडे थांबून मूत्राशयातील खडा म्हणजे काय ते पाहू.

आपण ज्याला मुतखडा म्हणतो, तो बहुतेक वेळा मूत्रपिंडात म्हणजे किडनीत तयार होतो. तो मूत्रवाहिनीत उतरून अडकला की कमरेतून जांघेकडे जाणारी असह्य कळ येते. मूत्राशयातील खड्याची गोष्ट थोडी वेगळी असते. मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पिशवी. प्रौढ पुरुषांत इथे खडा होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लघवी पूर्ण बाहेर न पडणे. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल तर प्रत्येक वेळी थोडी लघवी आत उरते. साचलेल्या लघवीत क्षार जमतात, जंतुसंसर्ग होतो आणि खडा हळूहळू मोठा होत जातो.

या खड्याची लक्षणे ओळखण्यासारखी असतात. लघवी संपताना दुखते. चालू धार मध्येच थांबते आणि शरीराची स्थिती बदलली की परत सुरू होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिसके बसले की त्रास वाढतो, पडून राहिले की कमी होतो. आज रुग्ण सांगतात की रिक्षात किंवा मोटारसायकलवर खड्ड्यातून गेले की दुखते. त्या काळी हाच अनुभव घोड्यावर आणि बग्गीत येई.

विशीचे पाणी पिऊन सम्राटाचा खडा गेला नाही, आणि जाण्यासारखा नव्हताही. भरपूर पाणी पिण्याने नवे खडे होण्याचे प्रमाण कमी होते. किडनीतले लहान खडे पाण्यासोबत निघूनही जातात. युरिक आम्लाचे काही खडे औषधाने लघवी क्षारयुक्त ठेवून विरघळवता येतात. पण मूत्राशयात वर्षानुवर्षे वाढलेला मोठा खडा पाण्याने विरघळत नाही की बाहेर पडत नाही.

१८६५: शंका आली, पण गुपित राहिली

ऑगस्ट १८६५ मध्ये शालों येथील लष्करी छावणीत सम्राटाला तीव्र त्रास झाला. इपोलित लारे या लष्करी शल्यचिकित्सकाने त्याला तपासले. याचे वडील पहिल्या नेपोलियनच्या सैन्यातील नामांकित शल्यचिकित्सक होते. मूत्राशयात खडा असावा असे लारे यांचे मत झाले आणि पुढील तपासणी व उपचार करावेत असे त्यांनी सुचवले. सम्राटाने ते टाळले आणि ही गोष्ट कुणाजवळ बोलू नये असे बजावले.

या टाळाटाळीमागे कारणे होती. राज्यकर्ता आजारी आहे हे कळले की विरोधक सावध होतात आणि शेअर बाजार डळमळतो. मुलगा तेव्हा जेमतेम ९ वर्षांचा होता. शिवाय उपचाराची भीतीही खरीच होती.

त्या काळी खडा काढण्याचे दोन मार्ग होते. पहिला म्हणजे चिरा देऊन खडा काढणे. हा फार जुना मार्ग, पण त्यात जिवाला धोका मोठा. दुसरा मार्ग तुलनेने नवा होता. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये झाँ सिव्हियाल या डॉक्टरांनी लघवीच्या मार्गातून धातूचे उपकरण आत घालून खडा आतच फोडून दाखवला होता. या पद्धतीला लिथोट्रिटी म्हणत. आज दुर्बिणीने खडा फोडला जातो, त्या तंत्राची ही पूर्वज म्हणता येईल. म्हणजे ही पद्धत सम्राटाच्या स्वतःच्या राजधानीत जन्मली होती आणि चाळीस वर्षे वापरात होती.

पण त्यात एक मोठी उणीव होती: डॉक्टरला आतले काही दिसत नसे. उपकरणाच्या टोकाला धातू आणि दगड एकमेकांवर आपटल्याची जाणीव हाताला होई, त्यावरून खडा चिमट्यात पकडायचा आणि फोडायचा. सगळे काम अंदाजाने. फुटलेले तुकडे लघवीवाटे आपोआप पडतील याची वाट पाहायची आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करायचे. तुकडे वाटेत अडकत आणि संसर्ग होई. प्रतिजैविके नव्हतीच. उपकरणे निर्जंतुक करण्याची कल्पनाही तेव्हा नुकती मूळ धरत होती.

ऑगस्ट १८६९ मध्ये या भीतीला आणखी एक कारण मिळाले. फ्रान्सचे युद्धमंत्री मार्शल निएल मूत्राशयातील खड्याच्या शस्त्रक्रियेत दगावले. राजवाड्यात यानंतर या विषयावर बोलणे आणखी अवघड झाले असणार.

जुलै १८७०: पाच डॉक्टर आणि एक अहवाल

१ जुलै १८७० रोजी सम्राटासाठी नामांकित डॉक्टरांची बैठक झाली. नेलातों, रिकोर, फोव्हेल, कोर्व्हिसार आणि झर्मँ से असे पाच जण होते. मूत्राशयात खडा आहे आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे असे डॉ. से यांचे मत होते. लघवीच्या मार्गातून सळई घालून तपासणी ताबडतोब करावी असा त्यांचा आग्रह होता. पण त्या दिवशी सम्राटाला विशेष त्रास नव्हता. तपासणी पुढे ढकलावी, घाई नको, असे इतरांचे म्हणणे पडले. डॉ. से यांनी आपले मत लिहून काढले. त्या अहवालावर सही त्यांच्या एकट्याचीच राहिली.

डॉक्टर म्हणून हा प्रसंग वाचताना अस्वस्थ व्हायला होते. आज त्रास नाही, मग कशाला छेडायचे, हा विचार आजही अनेक घरांत होतो. खड्याच्या बाबतीत दुखणे थांबले म्हणजे आजार थांबला असे नसते. अडथळा तसाच असतो, फक्त शरीर काही काळ गप्प बसते.

१९ जुलै रोजी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. सम्राट स्वतः सेनापती म्हणून निघाला. सोबत १४ वर्षांचा मुलगा होता.

सेदाँचा दिवस

२ ऑगस्ट १८७० रोजी सारब्रुकेन येथील चकमकीत त्याला काही तास घोड्यावर बसावे लागले. वेदना इतक्या होत्या की घोड्यावरून उतरणेही अवघड झाले. पुढचे चार आठवडे पराभवांमागून पराभव होत गेले. १ सप्टेंबरला सेदाँ येथे फ्रेंच सैन्य चारही बाजूंनी वेढले गेले. त्या दिवशीही सम्राट तोफांच्या माऱ्यात कित्येक तास घोड्यावर होता. दुसऱ्या दिवशी त्याने शरणागती पत्करली आणि सुमारे १ लाख सैनिकांसह तो कैद झाला. ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले.

एका खड्यामुळे फ्रान्स हरला असे म्हणणे चुकीचे ठरेल. प्रशियाची तयारी, संख्याबळ, तोफा आणि नियोजन सरस होते. पण सतत वेदना, संसर्ग, झोपेचा अभाव आणि बिघडत चाललेली मूत्रपिंडे असलेल्या ६२ वर्षांच्या माणसाकडून त्या काळात चपळ निर्णयांची अपेक्षा करता येत नव्हती, एवढे वैद्यकीयदृष्ट्या नक्की म्हणता येईल.

चिझलहर्स्ट: शेवटची शस्त्रक्रिया

जर्मनीत काही महिने कैदेत काढल्यावर मार्च १८७१ मध्ये त्याची सुटका झाली. तो इंग्लंडमध्ये लंडनजवळ चिझलहर्स्ट येथे पत्नी आणि मुलासह राहू लागला. सुरुवातीला विश्रांतीमुळे बरे वाटले. १८७२ च्या अखेरीस त्रास पुन्हा वाढला. याच काळात त्याच्या समर्थकांमध्ये फ्रान्सला परतण्याची खलबते चालू होती. परतायचे तर लोकांसमोर घोड्यावर दिसायला हवे, आणि घोड्यावर बसणे तर दूरच, बग्गीचे हिसकेही सोसवत नव्हते.

अखेर त्याने उपचाराला होकार दिला. विल्यम गल आणि जेम्स पॅजेट यांनी तपासले आणि हेन्री थॉम्पसन यांना बोलावण्यात आले. लिथोट्रिटीत थॉम्पसन हे त्या काळातले सर्वांत अनुभवी हात मानले जात. ते पॅरिसला जाऊन सिव्हियाल यांच्याकडे हे तंत्र शिकले होते. १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याचा खडा त्यांनी याच पद्धतीने यशस्वीपणे काढला होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थॉम्पसन यांनी भूल देऊन तपासणी केली आणि मोठा खडा असल्याची खात्री झाली. भूल देण्याची जबाबदारी जोसेफ क्लोव्हर या नामांकित भूलतज्ज्ञावर होती. २ जानेवारी १८७३ रोजी क्लोरोफॉर्म देऊन खडा फोडण्याची पहिली बैठक झाली. खडा फुटला, काही भाग बाहेर आला, पण बराच आत राहिला. ६ जानेवारीला दुसरी बैठक झाली. ९ जानेवारीला तिसरी ठरली होती. त्या सकाळी तपासणीत प्रकृती बरी वाटली. त्यानंतर काही वेळातच ती एकाएकी ढासळली आणि पावणेअकराच्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. वय ६४ वर्षे.

शवविच्छेदनात उरलेला खडा सापडला. त्याचे वजन सुमारे पाऊण औंस, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास होते. अर्धा खडा अजून शिल्लकच होता. पण महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. मूत्रवाहिन्या रुंदावल्या होत्या आणि मूत्रपिंडे फुगून आतून झिजली होती. मूत्रपिंडाचा हा विकार इतका पुढे गेला होता, की शस्त्रक्रिया झाली नसती तरी लवकरच मृत्यू आला असता, असा निष्कर्ष डॉक्टरांनी नोंदवला. हे नुकसान शस्त्रक्रियेपूर्वी कुणाला कळले नव्हते, कारण कळण्याचे साधनच नव्हते.

पुढच्या काही वर्षांत काय बदलले

सम्राटाच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी, १८७८ मध्ये, बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी एक सुधारणा मांडली. भूल दिलेलीच आहे, तर खडा एकाच बैठकीत पूर्ण फोडावा आणि सगळे तुकडे जाड नळीतून धुऊन, ओढून बाहेर काढावेत. तुकडे आत ठेवायचेच नाहीत. साधी वाटणारी ही कल्पना फार उपयोगी ठरली.

त्याच सुमारास जर्मनीचे मॅक्सिमिलियन निट्झे यांनी मूत्राशयात डोकावण्याची दुर्बीण तयार केली. १८७९ मध्ये तिचे व्हिएन्नात प्रात्यक्षिक झाले. पुढे विजेचा छोटा दिवा तिच्या टोकाला बसवण्यात आला आणि डॉक्टरला आतले दिसू लागले. विसाव्या शतकात प्रकाश वाहून नेणारे तंतू, प्रतिजैविके, सुरक्षित भूल, सोनोग्राफी आणि शेवटी लेझर आले.

हाच रुग्ण आज आला असता तर

समजा, साठीतला असा रुग्ण आज दवाखान्यात आला. पहिल्या दिवशीच लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी होईल. खडा दिसेल, त्याचा आकार कळेल. लघवी केल्यावर आत किती उरते आणि प्रोस्टेट किती वाढली आहे तेही दिसेल. किडनी फुगली असेल तर तेही त्याच तपासणीत समजेल. रक्तातील क्रिएटिनिनवरून किडनीचे काम कितपत चालू आहे हे कळेल. लघवीच्या कल्चरवरून कोणते जंतू आहेत आणि कोणते औषध चालेल ते ठरेल.

संसर्ग असेल तर खडा फोडण्याची घाई कुणी करणार नाही. आधी प्रतिजैविक. मूत्राशयातून लघवी नीट बाहेर पडत नसेल तर कॅथेटर. मूत्रवाहिनीतील खड्यामुळे किडनी तुंबली असेल आणि ताप असेल, तर आधी स्टेंट टाकून किंवा पाठीतून बारीक नळी घालून लघवीला वाट करून दिली जाते. खडा नंतर. ऑपरेशन आज होईल म्हणून आलो आणि नुसती नळी घालून घरी पाठवले, अशी तक्रार नातेवाईक कधी कधी करतात. ही नळी टाळाटाळ नसते. सम्राटाच्या बाबतीत राहून गेलेला टप्पा तो हाच.

संसर्ग आटोक्यात आला की भूल देऊन लघवीच्या मार्गातून दुर्बीण आत जाते. समोरच्या पडद्यावर खडा दिसतो. लेझरने किंवा कंपनाच्या उपकरणाने त्याचे बारीक तुकडे करून ते धुऊन काढले जातात. बहुतेक वेळा हे एकाच बैठकीत होते. फार मोठा खडा असेल तर लहान छेद देऊनही काढतात. प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर त्याचाही उपचार केला जातो, नाहीतर खडा पुन्हा होण्याची शक्यता राहते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे

पुढीलपैकी काहीही असल्यास थांबू नका:

- लघवीतून रक्त आले, एकदाच आले आणि दुखत नसले तरी
- लघवीची धार मध्येच तुटणे, जोर करावा लागणे, लघवी झाल्यावरही शिल्लक असल्यासारखे वाटणे
- गाडीच्या हिसक्यांनी ओटीपोटात किंवा लघवीच्या जागी दुखणे
- लघवीचा संसर्ग वारंवार होणे

पुढील परिस्थितीत मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा:

- कमरेत कळ आणि सोबत थंडी वाजून ताप
- लघवी पूर्ण बंद होणे
- खड्याचा त्रास असताना उलट्या, गुंगी किंवा खूप अशक्तपणा
- एकच किडनी असलेल्या व्यक्तीला खड्याची कळ येणे

मधुमेह असलेल्यांनी आणि साठीपुढच्या पुरुषांनी या तक्रारी वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नयेत. घरातल्या मंडळींनीही लक्ष ठेवावे. वडील रात्री चार-पाच वेळा उठतात, प्रवास टाळतात, दुचाकीवर बसायला नको म्हणतात, या गोष्टी आधी घरच्यांच्या लक्षात येतात. ते स्वतः बोलणार नाहीत, तर तुम्ही विचारा.

तिसऱ्या नेपोलियनचा मुलगा पुढे ब्रिटिश सैन्यासोबत आफ्रिकेत गेला आणि १८७९ मध्ये तिथेच मारला गेला. युजेनी १९२० पर्यंत जगली. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील मठात तिघांच्या समाध्या आहेत. १८६५ मध्ये छावणीच्या तंबूत जी शंका व्यक्त झाली, ती सम्राटाने गुप्त ठेवली नसती तर फ्रान्सचा इतिहास बदलला असता की नाही, हे सांगता येणार नाही. त्या वेळी खडा लहान असता आणि मूत्रपिंडे बरीच शाबूत असती, एवढे मात्र कोणताही डॉक्टर सांगेल.

ही माहिती सर्वसाधारण जाणिवेसाठी आहे. तुमच्या त्रासासाठी कोणती तपासणी आणि कोणता उपचार योग्य आहे, हे तुमचे डॉक्टर किंवा युरोलॉजिस्ट तुम्हाला तपासूनच ठरवतील.